स्काउटचा बिल्ला मूळचा मेरठचा

भारत स्काउट्स आणि गाइड्सचा सदस्यत्वाचा बिल्ला हिरव्या कापडावर असतो. त्यावर पिवळं, तीन पाकळ्यांचं फूल, फुलावर गाइडचं त्रिदल आणि मधोमध अशोकचक्र. भीमा आणि मुळा-मुठेच्या मधलं राहू बेट असो की पुणे शहर, शाळेत स्काउटचं पथक असलं की पोरांच्या डाव्या खिशावर हाच बिल्ला. हे फूल विलायतेहून आलं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण स्काउटची खूण म्हणून ते पहिल्यांदा गणवेशावर चढलं ते आपल्याकडे, मेरठच्या छावणीत.

स्काउट चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल १८९७ मध्ये पाचव्या ड्रॅगून गार्ड्स या घोडदळाच्या पलटणीचे प्रमुख म्हणून मेरठला आले. माग काढणं, नकाशा करणं, अनोळखी मुलखात वाट शोधणं हे ते शिपायांना शिकवू लागले आणि त्यात जे तयार झाले त्यांच्यासाठी त्यांनी होकायंत्रावरची उत्तरेची खूण, म्हणजे हेच फूल, निवडली. टेहळणी करणाऱ्याला दिशा चुकून चालत नाही, म्हणून ही खूण. १८९९ मध्ये आलेलं त्यांचं ‘एड्स टू स्काउटिंग’ हे पुस्तकही याच शिकवणीतून निघालं.

बहुतेक जण ही कथा बेडन-पॉवेलांनी १९०७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर भरवलेल्या मुलांच्या शिबिरापासून सुरू करतात. तिथे मुलांना पितळी फूल मिळालं. गाठी मारणं, माग काढणं आणि ध्वजाची माहिती या परीक्षा पार केल्यावर ‘बी प्रिपेअर्ड’ ही अक्षरं कोरलेली पितळी पट्टी मिळाली. पट्टी ब्राउनसीची, हे मान्य. पण शिकून, कसोटीला उतरून फूल मिळवायचं ही मूळ कल्पना मेरठची, आणि बिल्ल्याचा जीव तिच्यातच आहे.

आता फुलाचं कूळ. टीकाकारांना त्यात भाल्याचं टोक दिसलं. मुलांच्या छातीवर युद्धाची खूण कशाला, असा त्यांचा आक्षेप. बेडन-पॉवेलांनी ते शांतीचं लिलीचं फूल असल्याचं उत्तर दिलं आणि ते उत्तरेच्या खुणेवर कसं आलं याची गोष्टही सांगितली. इटालियन खलाशी उत्तरेला ‘त्रामोंताना’ म्हणत, म्हणून होकायंत्रावर ‘टी’ हे अक्षर असे. नेपल्सच्या फ्लाव्हिओ जोया नावाच्या दर्यावर्दीने राजा चार्ल्सच्या मानासाठी त्या अक्षराचं लिलीचं फूल केलं. चार्ल्सचं घराणं फ्रेंच राजवंशातलं आणि लिली हे त्या वंशाचं चिन्ह.

गोष्ट झकास आहे, पण हा जोया बहुधा जन्मलाच नाही. सोळाव्या शतकातल्या एका लॅटिन वाक्याचा अर्थ असा होता की, अमाल्फीत होकायंत्राचा वापर सुरू झाला असं फ्लाव्हिओ सांगतो. हा फ्लाव्हिओ म्हणजे इतिहासकार फ्लाव्हिओ बियोंदो. स्वल्पविराम भलतीकडे धरला गेला आणि सांगणारा इतिहासकारच शोध लावणारा ठरला! अमाल्फीत आज जोयाचा पुतळा उभा आहे.

हाती लागतो तो पुरावा नकाशाचा. पोर्तुगीज नकाशाकार पेद्रो रेइनेल याच्या १५०४ च्या सुमाराच्या नकाशात उत्तरेला हेच फूल आहे. राजाच्या मानापेक्षा हे कारागिराच्या हाताचं काम वाटतं. ‘टी’ला वर टोक काढलं, आडवी रेघ दोन्हीकडे वळवली की फूल आपोआप उमलतं.

भारतातल्या स्काउटिंगचे पुढचे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. १९०९ मध्ये बंगळूरला पहिलं पथक, पुढे ॲनी बेझंट आणि मदनमोहन मालवीय यांच्या स्वतंत्र संघटना, आणि ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स आणि गाइड्स. फुलावर त्रिदल आलं आणि चोवीस आऱ्यांचं चक्रही. जागतिक गाइड चिन्हातल्या त्रिदलाच्या मधली शीर म्हणजे होकायंत्राची सुईच मानतात, त्यामुळे मेरठच्या खुणेला आपल्या बिल्ल्यात एक सख्खी बहीण मिळाली.

पुण्यात आळंदी रस्त्यावर गाइडांचं जागतिक केंद्र ‘संगम’ आहे. १६ ऑक्टोबर १९६६ ला त्याचं उद्घाटन बेडन-पॉवेलांच्या पत्नी ओलाव्ह बेडन-पॉवेल यांनी केलं. देशोदेशीच्या मुली तिथे येतात, आणि बिल्ल्यांची अदलाबदल तर अशा मेळाव्यांचा जुना रिवाज. बिल्ले जमवणाऱ्यांनी अल्बमच्या पहिल्या पानावर मेरठ १८९७ ही नोंद करायला हवी.