वडिलांचे कण, मुलाच्या लहरी

शाळेत बीजगणिताच्या तासाला ‘अज्ञात राशी क्ष मानू’ म्हणून आपण गणिताला सुरुवात करीत असू. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेनला सापडलेल्या किरणांचे नावही त्याच अर्थाचे. पाणी भरलेल्या लोलकातून त्याने ते पाठवून पाहिले, वळले नाहीत. चुंबकानेही ढळले नाहीत. मग या प्रकाशासारख्या लहरी, की कण? हा वाद पुढे सतरा वर्षे चालला.

कणांच्या बाजूचे वजनदार नाव म्हणजे विल्यम हेन्री ब्रॅग. आधी ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला, १९०९ पासून इंग्लंडात लीड्सला प्राध्यापक. त्यांचा सवाल साधा होता. लहर तर तळ्यातल्या तरंगासारखी सगळीकडे पसरते. मग क्ष-किरण एखाद्याच अणूतून इलेक्ट्रॉन एवढ्या जोराने उडवतात कसे?

१९१२ साली म्युनिकमध्ये माक्स फोन लाउए यांना सुचले, की या लहरी असतील तर त्यांची लांबी फारच कमी असणार. त्यांच्या मापाची जाळी माणसाला करता येणार नाही, पण स्फटिकातल्या अणूंच्या रांगा हीच ती आयती जाळी! फ्रीडरिक आणि क्निपिंग यांनी मोरचुदाचा खडा किरणांच्या वाटेत ठेवला. मोरचूद, आपल्याकडे द्राक्षबागांत फवारतात तोच. मागच्या काचेवर ठिपके उमटले.

ब्रॅग यांचा थोरला मुलगा लॉरेन्स तेव्हा केंब्रिजमध्ये होता, वय बावीस. सुट्टीत बापलेकांची चर्चा झाली. मुलाने प्रथम वडिलांचीच बाजू सावरली: अणूंच्या रांगांमधल्या बोळांतून कण धावत असतील. पण हिशेब जुळेना. अखेर त्याच्या ध्यानात आले, की अणूंचे थर आरशासारखे वागतात आणि थराथरांवरून परतलेल्या लहरी विशिष्ट कोनातच एकमेकींना बळ देतात. नोव्हेंबरमध्ये त्याचा निबंध वाचला गेला. लहरींची लांबी दृश्य प्रकाशाच्या एक हजारांशाहूनही कमी निघाली.

मला मोठेपणा वाटतो तो वडिलांचा. हार मानून ते गप्प बसले नाहीत, हट्टालाही पेटले नाहीत. दोन मतांतून एक निवडण्याऐवजी दोहोंना सामावून घेणारे एकच मत शोधावे, असे त्यांनी त्याच महिन्यात लिहिले. आणि मुलाच्या सूत्रासाठी मोजणीचे उपकरण उभारले. त्यातून १९१३ साली मिठाच्या खड्यातली अणूंची मांडणी उलगडली. १९१५ चे नोबेल दोघांना मिळून मिळाले.

थोरल्या ब्रॅगांचा सवाल मात्र शिल्लकच होता. १९२३ साली आर्थर कॉम्प्टन यांनी दाखवून दिले, की इलेक्ट्रॉनवर आदळताना क्ष-किरण गोटीवर आपटलेल्या गोटीसारखे वागतात.