दैनंदिन स्वावलंबनाचे मूल्यमापन (वृद्ध कर्करुग्णांचे)

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या वृद्ध रुग्णाला रोजची कामे दुसऱ्याच्या मदतीविना कितपत जमतात, हे ठरावीक प्रश्नांनी व छोट्या चाचण्यांनी तपासण्याची पद्धत.

सिडनी कॅट्झ यांच्या निर्देशांकात (१९६३) अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे ही सहा कामे येतात. लॉटन व ब्रोडी यांच्या मोजपट्टीत (१९६९) फोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचे व्यवहार अशी आठ कामे आहेत. घसरण सहसा या दुसऱ्या यादीत आधी दिसते, म्हणून ती वगळणे चुकीचे आहे.

रुग्णाच्या एकंदर कार्यक्षमतेला डॉक्टर ० (उत्तम) ते ५ असा ‘ईकॉग’ दर्जा देतात. तो सोयीचा असला तरी वृद्धांच्या बाबतीत अपुरा पडतो. चांगला दर्जा मिळालेल्या रुग्णालाही काही वेळा गोळ्या स्वतः घेता येत नाहीत. केमोथेरपीच्या तीव्र दुष्परिणामांचा अंदाज घेण्यासाठी आरती हुरिया व सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०११ मध्ये गुणांकन तयार केले. त्यात हिमोग्लोबिन व मूत्रपिंडाच्या कार्याबरोबरच गेल्या सहा महिन्यांत पडणे, औषधे घेताना मदत लागणे, थोडे अंतर चालतानाही अडचण येणे या गोष्टी मोजल्या जातात. डॉक्टरांनी दिलेल्या कार्नोफ्स्की गुणांवरून (कार्यक्षमता मोजणाऱ्या, ईकॉगसारख्याच मापावरून) मात्र त्या अभ्यासात दुष्परिणामांचा अंदाज बांधता आला नाही.

आपल्याकडे या प्रश्नावल्या जशाच्या तशा वापरणे धोक्याचे आहे. ‘स्वयंपाक सून करते’, ‘बँकेचे मुलगा बघतो’ या उत्तरांवरून आजी-आजोबांची क्षमता कळत नाही. (लॉटन मोजपट्टीतही पूर्वी पुरुषांची स्वयंपाक, घरकाम व धुणे ही कामे गुणांत धरत नसत.) ‘वेळ पडली तर जमेल का?’ असेच विचारायला हवे. जमिनीवरून उठणे आणि भारतीय शौचालयात बसणे यांचीही वेगळी चौकशी करावी.

दोष आढळला म्हणजे उपचार नाकारायचे, असे मुळीच नाही. औषधाची मात्रा बदलणे, फिजिओथेरपी, न्हाणीघरात आधाराची दांडी, वारांनुसार कप्पे असलेली गोळ्यांची डबी असे उपाय योजता येतात. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अमेरिकी चाचणीत सत्तरीपुढच्या, बरा न होणारा कर्करोग असलेल्या रुग्णांच्या अशा तपासणीचे निष्कर्ष एका गटाच्या डॉक्टरांच्या हाती दिले गेले. त्या गटात तीव्र दुष्परिणाम ५१ टक्के रुग्णांना झाले, निष्कर्ष न दिलेल्या दुसऱ्या गटात ७१ टक्के रुग्णांना. सहा महिन्यांनंतरच्या जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

उपचारांच्या काळात ही क्षमता बदलत असल्याने तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी रुग्णाचे पडणे, गोळ्या चुकणे, अंघोळीला मदत लागू लागणे या गोष्टी नातेवाइकांनी पुढची केमो लागण्यापूर्वी आपणहून सांगाव्यात.