देवळालीची पायपट्टी आणि धावपटूचा मोजा

नाशिकजवळच्या देवळालीने इंग्रजीला एक शब्द दिला, तो म्हणजे 'डूलाली'. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे सैनिक तेथील छावणीत महिनोन्‌महिने पडून राहत, आणि कित्येकांचे डोके फिरे; त्यावरून हा शब्द रूढ झाला. पण त्याच सैनिकांच्या पायांवर आणखी एक भारतीय शब्द गुंडाळलेला असे. तो म्हणजे 'पट्टी'.

मूळ संस्कृत 'पट्ट'. हिमालयातील लोक घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कापडाची लांब पट्टी गुंडाळत. हिंदुस्थानातील फौजेने ती उचलली आणि १९०२ च्या नव्या गणवेशासोबत ती साऱ्या ब्रिटिश पायदळात गेली. काटे, धूळ आणि खडे यांपासून बचाव हा उघड हेतू. पोटरीला मिळणारा आधार हा दुसरा.

या आधारामागचे शास्त्र साधे आहे. पायांतले रक्त वर चढवण्याचे काम हृदय एकटे करीत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात, शिरा दाबल्या जातात आणि त्यांतील झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. बाहेरून बेताचा दाब मिळाला की शिरा फुगत नाहीत, सूजही कमी येते. शिवाय सारख्याच ताणाने गुंडाळलेले कापड बारीक घोट्यावर अधिक आणि जाड पोटरीवर कमी दाब देते. पायदळातला शिपाई पट्टी घोट्यापासून वर गुंडाळी. घोडदळात मात्र उलटी रीत, गुडघ्याकडून खाली!

दाबाचे मोजमाप मात्र हाताच्या अंदाजावर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलखंदकांत ही चूक महागात पडली. पाय दिवसेंदिवस गार पाण्यात, त्यावर घट्ट आवळलेली पट्टी. रक्तप्रवाह मंदावून 'ट्रेंच फूट' बळावला आणि अनेकांचे पाय कापावे लागले. पट्ट्या सैल बांधण्याचे आदेश निघाले ते त्यानंतर.

मोजलेला दाब पुढे अमेरिकेतून आला. कॉनराड जोब्स्ट हा अभियंता स्वतः शिरांच्या विकाराने त्रस्त होता. तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो, हे त्याच्या लक्षात आले. पाणी जितके खोल तितका दाब जास्त, म्हणजे घोट्याशी सर्वाधिक! १९५० च्या सुमारास त्याने याच तत्त्वावर मोजे बनवले. ते रुग्णांसाठी होते. धावपटूंच्या पायांत ते पुढच्या काही दशकांत आले.

आज त्यांची जाहिरात वेगाच्या नावाने होते, आणि तेथे थोडे थांबावे. कठोर व्यायामानंतरचे स्नायूंचे दुखणे या मोज्यांनी काहीसे कमी होते, असे अनेक अभ्यासांत दिसते. वेग वाढतो याला भक्कम पुरावा नाही. पोटरीचा पंप मुळात सरावानेच बळकट होतो. नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी धावण्याची सुरुवात अनवाणी केली होती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक जिंकले.