कातळाने लढलेली लढाई : पुरंदर, १६६५

आजचा विषय दगडाचा आहे, पण गोष्ट लढाईची आहे.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचले. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापला आहे. तुम्ही इंदूरला असा वा बेळगावला, पायाखाली हाच काळा दगड आहे. सह्याद्रीत हे थर जवळजवळ आडवे आहेत. टणक थराचा उभा कडा होतो. ठिसूळ, सच्छिद्र थर झिजून उतार आणि सपाटी होते. त्या सपाटीला आपण माची म्हणतो, वरच्या कड्यावरच्या भागाला बालेकिल्ला. म्हणजे किल्ल्याचा आराखडा आधी निसर्गाने काढला, तटबंदी आपण नंतर बांधली.

फौजेत आम्हाला पहिला धडा मिळतो तो जमीन वाचण्याचा. त्या नजरेने पुरंदर पाहिला, तेव्हा लहानपणी ऐकलेली गोष्ट मला नव्याने कळली.

पुरंदराशेजारी वज्रगड आहे. दोन्ही एकाच थरांचे डोंगर. पाण्याने मधला भाग झिजून खिंड उरली, तीच भैरवखिंड. वज्रगड बालेकिल्ल्याहून बुटका, पण पुरंदरच्या माचीहून उंच. ज्याच्या हाती वज्रगड, त्याच्या तोफांखाली माची. मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान यांनी हे ओळखले. १४ एप्रिल १६६५ रोजी वज्रगड पडला आणि मारा माचीवर सुरू झाला.

मुरारबाजी देशपांडे सातशे निवडक माणसे घेऊन दिलेरखानावर तुटून पडले, असे सभासद बखर सांगते. खानाने कौल देऊ केला. त्यांनी तो नाकारला आणि तिथेच पडले. त्यानंतरही बालेकिल्ला लढत राहिला. कडा अभंग होता, पण आतली माणसे संपत होती. जूनमध्ये महाराजांनी तह केला; २३ किल्ले दिले, १२ राखले.

पुष्कळ जण या तहाला नुसती माघार म्हणतात. मला तसे वाटत नाही. कातळ पुन्हा जिंकता येतो, मेलेला शिपाई परत येत नाही. मार्च १६७० मध्ये पुरंदर पुन्हा स्वराज्यात आला.

गडावर गेलात तर भैरवखिंडीत क्षणभर थांबा आणि दोन्ही बाजूंना वर पाहा. मुरारबाजींसमोर काय होते, ते तिथे समजते.

जय हिंद.