इनामगावची पेवे

शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा, ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग तो चटकन करून दाखवील. पण पेव पाहिलेस का, असे विचारा, गप्प बसेल. जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे धान्याचे कोठार म्हणजे पेव. आपल्याकडची बहुतेक पेवे आता बुजली. त्यांच्या जागी घराखाली तळघरे येऊ लागली आणि पावसाळ्यात तक्रार ऐकू येऊ लागली : खाली ओल आली, पोती भिजली. जमिनीखालची जागा कोरडी कशी ठेवावी, हा प्रश्न आपल्या भागात नवा नाही बरे का. तो निदान तीन हजार वर्षांचा आहे.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी अशी जाणती मंडळी त्या कामात होती. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती तेथे उजेडात आली. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर निघाले. ते गावच्या प्रमुखाचे असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते आणि त्यात जमिनीत खणलेली पेवे. या पेवांना आतून चुन्याचा गिलावा केलेला होता. चुना भाजणाऱ्या कारागिराचे घरही त्या गावात सापडले.

आता चुनाच का, ते पाहू. आपल्या काळ्या मातीखाली चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजले की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसून विरतो. हा विरलेला चुना भिंतीला लावला, की हवेतला कार्बन वायू शोषून तो सावकाश पुन्हा दगडासारखा होतो. अशा भिंतीत घुशीला आणि किडीला सहज घर करता येत नाही, मातीची ओलही चटकन आत झिरपत नाही.

पण येथेच एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ओल वेगळी आणि पाणी वेगळे. ओल मातीच्या बारीक छिद्रांतून चढते. तिला गिलावा अडवतो. साचलेले पाणी मात्र आपल्या वजनाने ढकलते. एक मीटर खोल पाणी तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टन भार घालते. तीन मीटर खोल तळघराभोवती पाणी तुंबले, तर तळावर चौरस मीटरला तीन टन! आतून लावलेला गिलावा मग चुन्याचा असो की सिमेंटचा, तो भिंतीपासून सुटायला किती वेळ लागणार?

इनामगावकरांना हे अनुभवाने उमगले असावे. त्यांनी नुसता गिलावा केला नाही. नदीच्या बाजूला बांध घातला, पाट खोदला. म्हणजे आधी पाणी वळवले. पुढे आपल्या आजे-पणज्यांनीही तेच केले. पेवासाठी ते काळे रान टाळत. कारण काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. उंचवट्यावरची पांढरी किंवा मुरमाची जागा ते निवडीत. मग आतून कडबा नाहीतर काड लावीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. आधी जागा, मग बांधणी, शेवटी लेप.

जागा चांगली असूनही पाणी आले, तर काय होते? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे साऱ्या महाराष्ट्रात नावाजलेली. तिथली माती अशी, की पेवात हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ साली कृष्णेला महापूर आला, पाणी पेवांत शिरले आणि हळदीची फार मोठी नासाडी झाली. शेकडो वर्षांचा अनुभवही त्या पाण्यापुढे चालला नाही.

आता आपल्या भागाचेच बघा. चिंचणीजवळ घोड धरण झाले, दौंडकडे कालव्याचे पाणी फिरले, उसाचे मळे उभे राहिले. सुबत्ता आली, पण बागायतीत जमिनीतले पाणीही वर चढते. आजोबांच्या वेळी कोरडी असलेली जागा आज कोरडी असेलच, असे नाही. म्हणून तळघर काढण्यापूर्वी भाद्रपदात शेजारच्या विहिरीत डोकावा. पाणी जमिनीपासून दहा हातांच्या आत असेल, तर तळघराचा नाद सोडा, वर माळा बांधा. पाणी खोल असेल, तर भिंतीच्या बाहेरून खडी-वाळूची चर काढून पाण्याला उताराकडे वाट द्या, बाहेरच्या अंगाला डांबरी लेप द्या आणि मग आतल्या गिलाव्याचा विचार करा.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मुलांना दाखवणे अवघड नाही. परातीत दोन बोटे पाणी घालून कोरडी वीट उभी करा. ओल कशी चढते ते दिसेल. डब्याला वर-खाली दोन भोके पाडून पाणी भरा. खालची धार जास्त जोराने बाहेर पडेल. एवढे समजले, की इनामगावचा शेतकरी काय जाणत होता, ते मुलांना कळेल. त्याचे वर्षाचे अन्न त्या पेवात होते. चूक करून त्याला चालणार नव्हते.