कापसाच्या राज्यातली भाकर

यवतमाळ म्हटलं की बाहेरच्या लोकांना कापूस आठवतो, आणि दुर्दैवाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या. आम्हा तिकडच्यांना मात्र आधी आठवते ती ज्वारीची भाकर, सोले-वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. सगळं घरचं! घरच्या शेतातलं, घरच्या चुलीवरचं. आता प्रश्न असा, की जिथे सगळे विकायलाच पिकवत होते, तिथे हे 'घरचं' टिकलं कसं? या वीकेंडला त्याबद्दलच.

सुरुवात १८५३ पासून करू. त्या वर्षी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज आली, लोकांची लाडकी 'शकुंतला'. तीही मुळात कापूस वाहायलाच.

कापसाने नगद पैसा दिला. पण नगद काही ताटात वाढता येत नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ते दिसलं. रेल्वे होती, बाजार होता, तरी लोक उपाशी मेले. धान्य महागलं होतं आणि शेतात काम नसल्याने मजुरी बंद पडली होती.

म्हणून शेतकरी सगळं शेत कापसाला देत नसे. काही भाग ज्वारीला असायचाच. दाणा माणसांना, कडबा बैलांना. कपाशीच्या काही ओळींनंतर एक तास तुरीचं. धुऱ्यावर अंबाडी, बरबटी, तीळ. अंबाडीचा पाला भाजीला आणि सालीचा दोर बैलांना. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप होता. कापूस कोसळला तरी घर चालू राहायचं. अर्थात ज्याला जमीन होती त्याचंच. सालदाराची ज्वारी मालकाच्या कोठीतून मोजून यायची. 'घरचं खाणं' आठवताना हे विसरून चालणार नाही.

मग हा बॅकअप गेला कुठे? एका दिवसात नाही गेला. १९६४ मध्ये सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. याच जिल्ह्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते, त्यांनी संकरित ज्वारीचा जोरात प्रसार केला. उत्पन्न वाढलं, पण जुन्या लोकांना ती भाकर गोड लागेना, आणि उशिराच्या पावसात दाणा काळा पडायचा. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो खावी लागली. नंतर रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. अन्नसुरक्षा योजनेत बसणाऱ्यांना तर २०२३ पासून तो फुकट आहे. सोयाबीन आलं, जे घरात फारसं कुणी खात नाही. २००२ मध्ये बीटी कापूस आला. ट्रॅक्टर आले, बैल गेले, मग कडबा हवा कुणाला? तणनाशक फवारलं की तांदुळजा आणि चिवळही जातात.

उरलेलं काम रानडुकरांनी केलं. मी आमच्या मोठ्या आईला विचारलं, ज्वारी का नाही पेरत? ती म्हणाली, "पेरू कोनासाठी बाप्पा? डुकरासाठी?" पूर्वी आबाजी रात्री मचाणावर जागल करायचे. आता रात्र जागायला घरात कोण आहे? आम्ही सगळे पुण्यात, रात्री जागतो ते अमेरिकेच्या कॉलसाठी.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. तेव्हापासून मॉलमध्ये ज्वारी 'मिलेट' नावाने चकचकीत पाकिटात दिसते. छान आहे, खावी. पण गंमत बघा, आमच्या गावातही आज बरीच घरं ज्वारी बाजारातूनच आणतात. पिकवणारा आणि आपण, दोघंही गिऱ्हाईकच!

तरी धुरा अजून पूर्ण मेलेला नाही. मोठी आई बरबटीचं, अंबाडीचं बी राखेत घोळून मडक्यात ठेवते आणि मृग लागला की धुऱ्यावर टाकते. तुरीच्या शेंगा भरल्या की फोन करते. मग आम्ही सगळी चुलत भावंडं दोन दिवस रजा टाकून जातो, अंगणात बसून सोले सोलतो आणि पोटभर जेवतो. मागच्या वेळी माझ्या मुलीने विचारलं, "बाबा, या भाजीचं पाकीट कुठे मिळतं?" मोठी आई तिला धरून सरळ धुऱ्यावर घेऊन गेली.