व्हेपमधून आवाज येतोय? तो कधी येतोय ते आधी बघा

इलेक्ट्रॉनिक सिगारेट, म्हणजे सगळे जिला व्हेप म्हणतात ती, आवाज करतेच. तडतड, गुडगुड, शिट्टी, गुणगुण. यातले बहुतेक आवाज आतल्या लिक्विडचे असतात. एक-दोन आवाज मात्र बॅटरीचे असतात आणि ते वेळेत ओळखले नाहीत तर भाजण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हा प्रश्न मी आधी विचारतो. ओढताना येतो, की कुणी हातही लावलेला नसताना?

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगून टाकतो. भारतात सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षी आलेल्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही वस्तू कॉलेजच्या आसपास दिसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ब्रिटनमध्ये, जिथे आपल्याकडची बरीच मुलं शिकायला जातात, ती १८ वर्षांवरच्यांना दुकानात मिळते. (एकदा वापरून फेकायच्या व्हेप तिथेही १ जून २०२५ पासून बंद झाल्या.) तिकडे बिघडली तर दुकानात परत नेता येते. इथे ना बिल, ना वॉरंटी, ना सर्व्हिस सेंटर. मग पोरं यूट्यूब लावून स्क्रूड्रायव्हर घेऊन बसतात, आणि खरा धोका तिथून सुरू होतो.

आत असतं काय?

फार काही नसतं. एक लिथियम-आयन बॅटरी, एक छोटा सर्किट बोर्ड, तारेची किंवा जाळीची कॉइल आणि तिला चिकटून कापूस. कापूस लिक्विड शोषतो, कॉइल तापते, लिक्विडची वाफ होते. लिक्विड म्हणजे मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन. ग्लायकॉल साधारण १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० अंशांना. म्हणजे ओठांपासून दोन-तीन इंचांवर एक इवलीशी कढई तापलेली असते.

ओढताना येणारे आवाज

हलकी चरचर हा त्या कढईचाच आवाज. तो यायलाच हवा. मोठी तडतड, मोहरी उडावी तशी, आली तर कॉइलवर गरजेपेक्षा जास्त लिक्विड साचलंय किंवा त्यात पाण्याचा अंश आहे. पाणी १०० अंशांना उकळतं, त्यामुळे इतक्या गरम तारेवर ते एकदम फुटतं आणि गरम थेंब तोंडात उडतात. जीभ पोळते ती याने.

गुडगुड म्हणजे हुक्क्यासारखा आवाज, आणि कारणही तेच: हवा द्रवातून वाट काढतेय. वाफेच्या नळीत लिक्विड उतरलेलं असतं. फार जोरात ओढणं, पॉड उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहणं, जुनी झालेली रबरी रिंग, ही नेहमीची कारणं. विमानातही हे होतं: केबिनमधला दाब कमी झाला की टाकीतली हवा फुगते आणि लिक्विड बाहेर ढकलते. (भारतातल्या विमानप्रवासात व्हेप नेणंच मना आहे.) ओढणं थांबवायचं, पॉड काढून टिश्यूवर झटकायचा, दोन्हीकडचे धातूचे संपर्क कोरडे पुसायचे. हाताला लागलेलं लिक्विड लगेच धुवा. निकोटीन त्वचेतूनही शरीरात जातं. घरात लहान मूल असेल तर तो टिश्यू उघड्या डब्यात टाकू नका.

शिट्टी वाजत असेल तर हवेच्या छिद्रात कचरा अडकलाय किंवा पॉड नीट बसलेला नाही. बाटलीच्या तोंडावर फुंकल्यावर जे होतं तेच. बटण दाबल्यावर बारीक गुणगुण येत असेल तर तो सर्किटचा आवाज: बोर्ड कॉइलचा पुरवठा सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद करून ताकद ठरवतो. काही लॅपटॉपचे चार्जर रात्रीच्या शांततेत गुणगुणतात, त्याच जातीचा हा आवाज. एरवी दुर्लक्ष करा, अचानक वाढला तर नाही.

एक गोष्ट उलटी आहे. चरचर बंद झाली आणि जळका वास आला, तर कापूस कोरडा पडलाय. अशा वेळी वाफेत फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीनसारखे पदार्थ जास्त तयार होतात. इथे शांतता हीच खूण आहे.

कुणी ओढत नसताना आवाज आला तर

आता महत्त्वाचं. अनेक पॉडना बटणच नसतं. तुम्ही ओढलंत हे कळायला आत दाब ओळखणारा छोटा सेन्सर असतो. बनावटीने तो फोनच्या माइकचा चुलतभाऊच, पातळ पडदा आणि मागे चिप. गळलेलं लिक्विड त्या पडद्यापर्यंत पोचलं की सेन्सरला वाटतं कुणीतरी ओढतंय, आणि खिशात पडल्या पडल्या कॉइल तापायला लागते. टेबलावर ठेवलेली व्हेप आपोआप चरचरत असेल, तिचा दिवा लागलेला असेल, तर ती दुरुस्त करत बसू नका. पॉड काढा, म्हणजे कॉइलचा पुरवठा तुटेल. बॅटरी सुटी होणारी असेल आणि गरम नसेल तर तीही काढा. नंतर ती वापरायची नाही.

दुसरा आवाज फसफस किंवा बारीक सूंऽऽ असा, सोबत नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास, अंगाला चटका, फुगलेलं कव्हर. बॅटरीच्या आत तयार झालेला वायू बाहेर पडतोय. याच्या पुढची पायरी आग असते आणि मध्ये किती वेळ मिळेल ते कुणी सांगू शकत नाही. खिशात असेल तर आधी खिशातून बाहेर. मोकळ्या जागी, फरशीवर किंवा मातीवर टाका, गादी-पडद्यांपासून लांब, आणि मागे व्हा. निघणारा धूर हुंगायचा नाही. पेटलीच तर लांबून भरपूर पाणी, आणि ११२.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ मधल्या बातम्या तपासल्या, तेव्हा आग किंवा स्फोटाच्या १९५ घटना सापडल्या. त्यातल्या साठेक घटना व्हेप किंवा तिची बॅटरी खिशात असताना, तेवढ्याच वापरताना आणि जवळपास पन्नास चार्जिंगला लावलेली असताना घडल्या. खिशातल्या घटनांमागे एक अगदी साधं कारण असू शकतं: सुटी बॅटरी, आणि तिच्याबरोबर किल्ल्या किंवा नाणी. धातूने दोन टोकं जोडली की शॉर्ट झालाच.

चार्जिंगबद्दल मला सर्वांत जास्त विचारलं जातं ते फोनच्या फास्ट चार्जरबद्दल. नीट बनवलेला फास्ट चार्जर समोरच्या उपकरणाने मागितल्याशिवाय ५ व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे दोष बहुधा चार्जरचा नसतो. दोष असतो व्हेपच्या आतल्या स्वस्त सर्किटचा. बॅटरी ४.२ व्होल्टला पोचली की पुरवठा तोडायचं काम त्याचं, आणि बेनामी मालात ते सर्किट कसं आहे हे बाहेरून कळायला मार्ग नाही. म्हणून उशीजवळ किंवा रात्रभर चार्जिंगला नाही. चार्जिंगला असताना टिकटिक किंवा फसफस ऐकू आली तर व्हेपला हात न लावता भिंतीवरचा स्विच बंद करा.

स्क्रूड्रायव्हर का नको, तेही आता कळेल. फेकायच्या व्हेपमधली बॅटरी बहुतेक वेळा पातळ आवरणात असते. टोक लागून ते आवरण फाटलं किंवा दाबलं गेलं की आतले दोन थर एकमेकांना टेकतात, आणि व्हेप तेव्हा तुमच्या हातात असते.

मेलेली व्हेपसुद्धा ओल्या-सुक्या कचऱ्यात जात नाही. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली जाते आणि उरलेल्या चार्जवरही पेट घेऊ शकते. सुट्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. तोवर ती काचेच्या बरणीत, झाकण सैल ठेवून, स्वयंपाकघरापासून लांब राहू दे.